सेमिनार ते सी-फॉर्म: जर्मन विद्यार्थ्यांची सोलापूर अभ्याससहल

2024 च्या फेब्रुवारीअखेर जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यातल्या एका विद्यापीठाचा गट सोलापुरात येऊन राहून गेला. विषय होता, कापडगिरण्या बंद पडल्यावर शहर कसं जगतं. मी इथल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते आणि इकडची सगळी जुळवाजुळव माझ्याकडे होती. सुरुवातीला मराठीत याबद्दल कोणी काही लिहिलंय का ते शोधलं, हाताला काही लागलं नाही. मोठ्या शहरांतल्या संस्थांकडे अशा कामासाठी वेगळं कार्यालय असतं. आमच्याकडे प्राचार्य, हेडक्लार्क आणि एक प्राध्यापक, एवढाच कारभार. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या प्राध्यापकाला उद्या असं पत्र आलं तर त्याने घाबरून नकार देऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

पत्र आलं मे 2023 मध्ये. त्यांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होऊन फेब्रुवारीच्या मध्यात संपतं. सत्रभर तयारीचा सेमिनार आणि तो संपला की लगेच भारत, असा बेत होता. त्यांच्या भागातलं केमनिट्स हे शहर एकेकाळी 'सॅक्सनीचं मँचेस्टर' म्हणवलं जायचं. 1990 नंतर तिथले कारखाने भराभर बंद झाले. सोलापूरची 'जुनी मिल' 1877 सालची, तीही बंद पडली, आणि तिची कहाणी सोलापूरकरांना मी नव्याने सांगायला नको. त्यांनी दिल्ली-आग्रा सोडून सोलापूर का निवडलं, हे या एका गोष्टीवरून माझ्या लक्षात आलं आणि मी त्याच रात्री होकार कळवला.

होकार सोपा होता, कागद अवघड. पहिला घाट सामंजस्य कराराचा. त्यांच्याकडून इंग्रजीत जाडजूड मसुदा आला. आमच्या संस्थेच्या नियामक मंडळापुढे तो ठेवायचा तर बैठक ऑगस्टात. बैठकीत शंका निघाल्या: विम्याचं काय, काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कोणाची, विद्यापीठाची मान्यता लागेल का. शेवटी त्यांच्याच कार्यालयाने तोडगा सुचवला. पूर्ण करार बाजूला ठेवून या एका सहलीपुरतं दोन पानी सहकार्यपत्र करायचं. त्यात तारखा, विषय, प्रत्येक विद्यार्थ्याचा आरोग्य आणि प्रवास विमा त्यांनी काढायचा आणि त्याच्या प्रती आम्हाला द्यायच्या, एवढंच होतं. सप्टेंबरच्या शेवटी सह्या झाल्या. पहिल्यांदाच करत असाल तर हीच वाट धरा. पाच वर्षांचे करार नंतर होत राहतात.

दुसरा घाट पैशांचा, आणि तो सगळ्यांनी नीट वाचावा असा आहे. राहणं, गाडी, जेवण यांचा एकत्र खर्च कॉलेजच्या खात्यावर पाठवतो, तुम्ही तिकडे वाटून टाका, असं त्यांनी फार मोकळेपणाने कळवलं. आमचे ऑडिटर साहेब ऐकताच म्हणाले, "मॅडम, एक युरोसुद्धा नको." परदेशातून देणगीसारखा पैसा घ्यायचा तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावा लागतो. आमची नोंदणी नाही. आमचा खर्च देणगीत मोडतो की सेवेच्या मोबदल्यात, हा वाद घालत बसण्यापेक्षा आम्ही कॉलेजचं खातं या सगळ्यातून बाहेरच ठेवलं. लॉजचं बिल त्यांच्या प्राध्यापकांनी कार्डाने भरलं, गाडीवाल्याला त्यांनीच दिले, आणि आमच्या विद्यार्थ्यांचा चहा-नाश्ता, झेरॉक्स वगैरे कॉलेजने आपल्या विभागाच्या तरतुदीतून केलं. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर दिवसाला साडेसहा हजारांना ठरली, डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून. दर लेखी घ्या. टोल आणि रात्रीचा मुक्काम त्यात धरलाय का तेही विचारा.

ऑक्टोबरात सेमिनार सुरू झाला. दर बुधवारी, आपल्या संध्याकाळी साडेसहाला, ऑनलाइन. त्यांच्याकडे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असायचे. 29 ऑक्टोबरला युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली आणि आमचा वर्ग साडेसातवर गेला. ऐकायला ही गोष्ट छोटी वाटते. पण अक्कलकोटहून ये-जा करणाऱ्या आमच्या दोन मुलींची शेवटची सोयीची एसटी त्यामुळे चुकू लागली. त्यांच्या घरी फोन करून, त्यांना घरूनच मोबाइलवर वर्गात बसता येईल अशी सोय केली. वर्षाच्या सुरुवातीलाच हे वेळापत्रक मांडून ठेवलं तर मुलींवर घरी ऐकून घ्यायची वेळ येत नाही.

सेमिनारचा आराखडा त्यांच्याकडून आला तेव्हा त्यात आमचे विद्यार्थी शेवटच्या दोन आठवड्यांत 'स्थानिक मार्गदर्शक' म्हणून येणार होते. हे मला मान्य नव्हतं आणि मी तसं स्पष्ट कळवलं. आमची मुलं पहिल्या बुधवारपासून बसतील, तेही निबंध मांडतील आणि तुमच्या शहराबद्दल प्रश्न विचारतील, तरच यात अर्थ आहे. त्यांच्या प्राध्यापिका समजूतदार. त्यांनी लगेच आराखडा बदलला. अकरा जर्मन, अकरा सोलापुरी, अशा जोड्या लागल्या. एका जोडीकडे यंत्रमाग, एकीकडे विडी कामगार महिला, एकीकडे 1930 चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे, एकीकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचा विषय मी मुद्दाम घातला होता. 1910 साली सोलापुरात जन्मलेला मुलगा 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला जातो आणि 1942 मध्ये तिथेच मरण पावतो. परक्या देशात शिकायला, काम करायला जाणं म्हणजे काय, हे आमच्या मुलांना परक्याच्या तोंडून ऐकावं लागू नये असं वाटत होतं.

पहिले तीन-चार बुधवार आमची मुलं गप्प बसली. इंग्रजीची भीती. मग एक नियम केला: आधी मराठीत बोलायचं, जोडीदाराला कळेपर्यंत थांबायचं, मग दोघांनी मिळून इंग्रजीत मांडायचं. वेळ जास्त लागला, पण डिसेंबरपर्यंत वर्गात आवाज यायला लागला.

डिसेंबरातला एक वर्ग मी विसरणार नाही. जर्मन गटाने विडी कामगारांसाठी प्रश्नावली करून आणली होती. पहिलाच प्रश्न होता, तुमचं मासिक उत्पन्न किती? आमच्या एका विद्यार्थिनीने, जिची आई आणि आजी दोघी विड्या वळतात, माईक सुरू केला आणि म्हणाली, "आमच्या घरी महिन्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आई हजार विड्यांचा भाव सांगेल. काल किती झाल्या विचारा, त्यातल्या छाट म्हणून किती काढल्या विचारा, पानं कमी पडली का विचारा. आकडा तुम्हीच काढा." पलीकडे सगळे पटापट लिहून घेत होते. ती प्रश्नावली मग तिनेच नव्याने केली, मराठीत आणि तेलुगूत. शहराच्या पूर्व भागात विणकर पद्मशाली समाजाच्या घरांमध्ये तेलुगू बोलली जाते. नुसतं मराठी घेऊन गेलं तर दारातला चहा मिळतो, घरातली गोष्ट मिळत नाही.

संमतीच्या कागदावरूनही बरीच चर्चा झाली. मुलाखत देणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची सही असलेला फॉर्म हवा, हा त्यांच्या विद्यापीठाचा नियम. चांगल्या हेतूचा आहे. पण बचत गट आणि फायनान्सच्या कर्जांसाठी सह्या करून पोळलेल्या बायका परक्याने पुढे केलेल्या कागदावर सही करणार नाहीत, आणि आपण त्यांना तसा आग्रह करणं बरोबरही नाही. त्यांच्या नीतिविषयक समितीला आम्ही हे पत्राने समजावलं. उत्तर यायला पाचेक आठवडे लागले. तोंडी संमती चालेल, मात्र ती त्या व्यक्तीच्या भाषेत घ्यायची, दोघा विद्यार्थ्यांनी तारखेसह नोंदवायची, आणि फोटोसाठी वेगळं विचारायचं, असं ठरलं. तुमच्याकडे येणारा गट मुलाखती घेणार असेल तर हा पत्रव्यवहार तीन महिने आधी सुरू करा.

आता व्हिसा. आमचा कार्यक्रम प्रवेश, परीक्षा, प्रमाणपत्र नसलेला, दहा दिवसांचा. तरीही अंदाजावर जायचं नाही असं ठरवून त्यांच्या कार्यालयाने भारतीय दूतावासाला लेखी विचारलं आणि उत्तर आल्यावरच ई-पर्यटक व्हिसासाठी अर्ज केले. तुमच्या गटाचं स्वरूप वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, तेव्हा त्यांना लेखीच विचारायला लावा. आम्ही शेवटी प्रमाणपत्रं द्यायचं ठरवलं होतं, तेही यामुळे रद्द केलं. 30 दिवसांच्या ई-व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 30 दिवस आधीच करता येतो, त्यामुळे तो जानेवारीच्या शेवटीच भरता आला आणि तोवर सगळ्यांच्या जिवाला घोर. अर्जात भारतातल्या संदर्भ व्यक्तीचा पत्ता आणि फोन लागतो. तिथे सगळ्यांनी कॉलेजचा पत्ता एकसारख्या स्पेलिंगने लिहावा म्हणून मी तो टाइप करून पाठवला. हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का एवढं बघायला सांगा.

अकरापैकी दहा जणांचे व्हिसा चार दिवसांत आले. अकराव्या मुलीचे आजोबा आता पाकिस्तानात असलेल्या गावात जन्मलेले. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी तिथे जन्मलं असेल तर ई-व्हिसा मिळत नाही, दूतावासात रीतसर अर्ज करावा लागतो आणि त्याची छाननी वेगळी होते. तिला हे ऑक्टोबरातच ठाऊक होतं, तिने नोव्हेंबरात अर्ज केला होता, आणि तरीही तो विमानाच्या दिवसापर्यंत आला नाही. सबंध सेमिनारमध्ये सगळ्यात जास्त वाचून येणारी मुलगी होती ती. तिच्या जोडीदाराने, आमच्या एम.ए.च्या मुलाने, तिचे सगळे प्रश्न घेऊन यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती घेतल्या आणि रोज रात्री तिला फोनवर ऐकवल्या. तिच्या अहवालावर दोघांची नावं आहेत. पण ती इथे यायला हवी होती, हे अजून मनात आहे.

आरोग्याच्या माहितीचा फॉर्म आम्ही डिसेंबरातच भरून घेतला आणि त्यातून एक फार मोठी गोष्ट कळली. एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी. सोलापुरात! आपल्याकडे भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि ताटात शेंगाचटणी नाही तर जेवण नाही. शिवाय बऱ्याच घरांत तेलही शेंगदाण्याचं. लॉजच्या स्वयंपाकीण मावशींना मी समजावायला बसले तेव्हा त्या मायेने म्हणाल्या, "मॅडम, अगदी चिमूटभर घालते, नुसतं मिळून येण्यापुरतं." त्यांना सांगितलं की मावशी, चिमूटभरानेसुद्धा त्या पोराचा श्वास कोंडेल. त्या क्षणी त्यांचा चेहरा बदलला. पुढे दहा दिवस त्या मुलाचं जेवण त्यांनी वेगळ्या कढईत, सूर्यफुलाच्या तेलात, स्वतः केलं. खलबत्ता आणि मिक्सर त्याच्या स्वयंपाकाच्या जवळपास येऊ दिला नाही. आम्ही 'मला शेंगदाणा, कूट, शेंगतेल चालत नाही, जिवाला धोका आहे' अशी मराठी, कन्नड आणि तेलुगूतली कार्डं छापून त्याच्या खिशात दिली. त्याची दोन इंजेक्शनची पेनं होती, एक त्याच्याकडे, एक कायम माझ्या पर्समध्ये. ती कशी टोचायची हे आमच्या चार विद्यार्थ्यांना व्हिडिओवर शिकवून घेतलं. जवळच्या हॉस्पिटलमध्ये आधी जाऊन सांगून ठेवलं. एकदाही वेळ आली नाही.

राहण्याचं म्हणाल तर सहा रात्री लॉजवर आणि चार रात्री विद्यार्थ्यांच्या घरी, असं ठरलं होतं. घरी परदेशी पाहुणा ठेवला की 24 तासांच्या आत सी-फॉर्म, म्हणजे त्याच्या मुक्कामाची माहिती, ऑनलाइन भरावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नियम हॉटेलला जसा आहे तसाच घराला. लॉजकडे त्यांचं लॉगिन होतं. घरांसाठी मात्र प्रत्येक यजमानाची नोंदणी करून घ्यावी लागली: आधार, घराचा कागद किंवा लाइट बिल, फोटो. पोलीस आयुक्तालयात जाऊन मी आधीच अर्ज, गटाची यादी आणि रोजचा कार्यक्रम देऊन आले होते. तिथल्या हवालदार साहेबांनी फार नीट समजावलं: पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा आणि विमानतळावरचा प्रवेशाचा शिक्का, तिन्हींचे स्पष्ट फोटो आधीच मोबाइलमध्ये ठेवा. ई-व्हिसाच्या पत्राची छापील प्रतही जवळ असू द्या. घरी राहायला गेले त्या संध्याकाळी आमचे दोन विद्यार्थी कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून सगळे फॉर्म भरूनच उठले.

यजमान घरांची बैठक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घेतली. सगळ्यांची काळजी एकच, पाणी. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या घरात पाहुण्याला अंघोळीला किती पाणी द्यायचं, हे विचारायला आयांना संकोच वाटत होता. मी त्यांना म्हटलं, लपवू नका. पुढच्याच बुधवारी सेमिनारमध्ये एका आईनेच, मुलीच्या मदतीने, बॅरल, हंडे, पिंप दाखवून एका बादलीत अंघोळ कशी होते ते सांगितलं. त्यानंतर जर्मन मुलांनी पाण्यावर जे प्रश्न विचारले ते आधीच्या सगळ्या वाचनातून आले नव्हते. उजनी धरण भरतं त्या वर्षीही शहरात नळ रोज का येत नाही, हा प्रश्न त्यातल्या एकाने अहवालाचा विषयच केला.

24 फेब्रुवारीला गट मुंबईत उतरला आणि दुपारच्या वंदे भारतने रात्री सोलापुरात आला. तिकिटं मी नोव्हेंबरातच काढली होती. तेव्हा 120 दिवस आधी आरक्षण खुलं व्हायचं. आता किती दिवस आधी होतं ते बघून घ्या. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकायचं, आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट.

कॉलेजच्या खोल्यांचा प्रश्न वेगळाच होता. 21 फेब्रुवारीपासून बारावीची परीक्षा सुरू झालेली आणि आमचं कॉलेज केंद्र. वर्ग, बाकं, शिपाई मामा, सगळे परीक्षेत. केंद्राच्या आवारात परक्या माणसांची वर्दळ नको, हेही बरोबर. सकाळची सत्रं आम्ही सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात घेतली, नाममात्र भाड्यावर. फेब्रुवारी-मार्चात कोणाला बोलावत असाल तर बोर्डाचं वेळापत्रक आधी बघा.

क्षेत्रभेटींपैकी दोन सांगण्यासारख्या. यंत्रमाग कारखान्यात माग चालू असताना बोलणं ऐकूच येत नाही, आणि कामगाराला मजुरी कापडावर मिळते. त्याला थांबवून पंधरा मिनिटं बोलायचं म्हणजे त्याचे पैसे बुडवायचे. म्हणून मालकांची परवानगी घेऊन आम्ही आधी फक्त माग पाहिले, धोटा कसा फिरतो, कांड्या कशा भरतात, जॅकार्ड या नक्षीच्या यंत्रावर चादरीचं फूल कसं उमटतं, आणि मुलाखती पाळी सुटल्यावर बाहेरच्या चहाच्या टपरीवर घेतल्या. साप्ताहिक सुट्टी कारखान्यागणिक विचारून घ्या. केमनिट्सजवळच्या गावातल्या एका मुलाचे आजोबा विणकर होते. तो बराच वेळ एका मागापाशी उभा राहिला आणि मग माग सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या जॉबरला त्याने आजोबांच्या कारखान्याचा जुना फोटो दाखवला. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. फोटोतल्या यंत्रावर बोट ठेवून जॉबरकाका भाग दाखवत गेले आणि तो मान हलवत राहिला.

दुसरी भेट कुंभारीला, गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार महिलांची दहा हजार घरं एका जागी उभी राहिलेली बघायला लांबून लोक येतात. शेजारीच रे नगर, जिथल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण आमच्या सहलीच्या महिनाभर आधी, 19 जानेवारीला झालं होतं. बायका ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या. फर्मा ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, तोंड दुमडायचं. बोलताना हात एकदाही थांबले नाहीत. आमच्या विद्यार्थिनीची आई त्यातच होती. लेकीने तेलुगूत प्रश्न विचारले आणि जर्मन मैत्रिणीला इंग्रजीत सांगितले. फोटोला तिघींनी हो म्हटलं, एकीने नको म्हटलं, आणि तिच्याकडे कोणी कॅमेरा वळवला नाही. हेच तर सत्रभर शिकलो होतो.

गट 5 मार्चला परतला. कॉलेजची बिलं 31 मार्चच्या आत ऑडिटला गेली. अहवाल मेच्या शेवटी आले, आणि ठरल्याप्रमाणे त्यांचे मराठी-तेलुगू सारांश घेऊन आम्ही कुंभारीला परत गेलो. एका अहवालात, एक बाई दिवसाला हजार विड्या वळते, असं वाक्य होतं. ऐकताच एक मावशी म्हणाल्या, "एकटी नाही वळत. पानं सासू भिजवते, पोरगी कापते, मी वळते. कार्डावर नाव माझं." ते वाक्य जर्मनीत कळवलं आणि अहवालात दुरुस्त झालं.

यंदाच्या हिवाळी सत्राचा आराखडा आला आहे. ऑक्टोबरात वर्ग सुरू होतील. मुलाखतींच्या परवानगीचं पत्र या वेळी जूनमध्येच गेलं. सहकार्यपत्राचा मसुदा, ॲलर्जीचं तीन भाषांतलं कार्ड आणि यजमान घरांसाठीच्या सी-फॉर्मच्या कागदांची यादी कोणाला हवी असेल तर जरूर मागा, पाठवते.